एका घरापुरती जाहिरात

ज्या दुकानात विकायला काहीच नव्हतं, त्या दुकानाची मी विक्रीप्रमुख होते. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला हे वाक्य मी सहज बोलून गेले आणि दिवाळी अंकाचे संपादक दुधाचा पेला हातात घेऊन माझ्या मागेच लागले. "हेच लिहा, पण आमच्यासारख्यांना कळेल असं लिहा," म्हणाले. म्हणून आधी दुकान काय होतं ते सांगते.

भोपाळच्या जुन्या शहरात दुकानांपुढे, घरांपुढे दगडी पटिये असतात. जेवणं झाली की माणसं त्यांवर येऊन बसतात आणि मोहल्ल्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा निकाल लावून टाकतात. आमच्या कंपनीचं नावही तेच, 'पटिया'. फोनवरचा पटिया. प्रत्येक वस्तीचा एक गट, आणि त्यात नळाला पाणी कधी येणार इथपासून कुणाची मांजर कुणाच्या गच्चीवर आहे इथपर्यंत सगळं. ही कंपनी काढली अनुरागने. मुलगा चार इमलीच्या सरकारी बंगल्यांत वाढलेला, वडील मोठे अधिकारी. हाही परीक्षा देऊन तिथेच बंगला मिळवणार, असं घरच्यांनी धरलं होतं. त्याने एम. पी. नगरात एका कोचिंग क्लासच्या वरचा मजला भाड्याने घेतला आणि घरच्यांना तोंड लपवायला लावलं. मी तोवर एका हिंदी वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करून केस पांढरे केले होते. "ताई, दुकानदार तुम्हाला ओळखतात, मला नाही," असं सरळ म्हणाला, म्हणून मी गेले.

पटिया वापरायला पैसे पडत नसत. मग कंपनी जगायची कशावर? पुष्कळांना वाटतं, आम्ही त्यांची माहिती पिशवीत भरून बाजारात नेऊन विकायचो. तसं नव्हतं. वर्तमानपत्रातली जाहिरात म्हणजे गच्चीवर चढून ओरडणं. पटियावरची जाहिरात म्हणजे कानात सांगणं. आता कानात सांगायचं तर कान कुणाचा हे माहीत हवं. पाळणे विकणाऱ्याला मी म्हणायचे, ज्या घरात बाळ येणार आहे त्याच घराला तुमचा पाळणा दाखवते. घर कुणाचं हे तुम्हाला सांगणार नाही, पण दाखवते. लोक आपणहून जे बोलत त्यावरून आमचं यंत्र हा कान ओळखायचं. आम्ही विकायचो ती ही ओळख.

दुकानदारांना हे समजवायला मला फार मजा यायची. करोंद मंडीतले एक डाळीचे व्यापारी होते. सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मैडम, पूरे भोपाल को दिखाने की ज़रूरत नहीं. सिर्फ़ मेरे साढू को दिखाओ." साढूचंही डाळीचंच दुकान, त्याच ओळीत. कुठल्याशा लग्नात तो यांना चारचौघांत म्हणाला होता की तुमची तूरडाळ शिजत नाही. "वो जब भी फ़ोन खोले, मेरी तुअर दिखनी चाहिए." मी हसले, पण अनुरागला हे आव्हान वाटलं. एकाच माणसाला दाखवायची सोय आमच्या यंत्रात नव्हती, ती त्याने खास बसून केली. सेठजींनी साढूचा नंबर दिला आणि त्या बिचाऱ्याला महिनाभर उठता-बसता तूरडाळ दिसली. मग साढूच जिना चढून आमच्याकडे आला. रागावलाय म्हणून मी पाणी पुढे केलं, तर म्हणतो, "मुझे उसको अपना चना दिखाना है." दोघं आमचे कायमचे गिऱ्हाईक झाले.

याच्या उलट रईसभाई. भदभद्याच्या रस्त्यावर त्यांची नर्सरी, आणि गुलाबाची कलमं अशी की माणूस गाडी थांबवून उतरतो. पण जाहिरात म्हटलं की हात जोडायचे. "आपा, जिसको गुलाब चाहिए वो ख़ुद चला आएगा. जिसको नहीं चाहिए उसे काहे को परेशान करना?" मी दर थोड्या दिवसांनी जायचे, आणि दर वेळी एक रोप विकत घेऊन परतायचे. जाहिरात त्यांनी एकदाही दिली नाही.

आता आपल्या लोकांची गंमत. आपल्या मंडळात सभासद कुटुंब असतं आणि कुटुंब म्हणजे कर्त्या पुरुषाचं नाव. बरखेड्यातल्या, म्हणजे मोठ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीतल्या, बायकांनी पटियावर आपला गट काढला तेव्हा हीच पद्धत जशीच्या तशी उचलली. खाती सगळी नवऱ्यांच्या नंबरावर, नवऱ्यांच्या नावाची, नवऱ्यांच्या फोटोची. गट बंद, बाहेरच्याला न दिसणारा, नाव 'हळदीकुंकू', आणि आत बघावं तर ओळीने मिशाच मिशा. एक भारदस्त निवृत्त फोरमन विचारतोय, "बायांनो, चकली तेलात विरघळतेय, काय करू?" दुसरा ब्लाऊजचा शिंपी सुचवतोय. मी स्वतः त्या गटात होते, माझंही खातं आमच्या ह्यांच्या नावाने. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. याच खात्यांवरून बायका मोहल्ल्याच्या उघड्या गटांतही बोलायच्या, त्यामुळे यंत्राला मात्र वाटायचं की बरखेड्यातल्या समस्त इंजिनिअरांना पैठणीचा नाद आहे. ते त्यांना फेशियलच्या आणि बांगड्यांच्या जाहिराती दाखवायचं, आणि काकालोक सकाळी चष्मा लावून त्या निमूटपणे बाजूला सारायचे.

त्याच गटात साठेकाकू होत्या. साठे हे त्यांचं खरं आडनाव नाही. काका-काकू दोघंही आता नाहीत, म्हणूनच हे लिहायची मुभा घेते आहे. बरखेड्यातल्या बायका ओळखतीलच. ओळखलंत तरी ओळख दाखवू नका, तेव्हाही तुम्ही तेच केलं होतंत.

एका दुपारी काकूंनी गटात विचारलं की त्यांच्या एका नातेवाइकांना विसर पडायला लागलाय, बाहेर गेले की घर सापडत नाही, डॉक्टर कुठला चांगला, आणि आतून सहज न उघडणारं कुलूप कुठे मिळेल. आम्ही सगळ्याजणींनी ते 'एक नातेवाईक' जसंच्या तसं घेतलं. कुणी डॉक्टरचं नाव दिलं, कुणी कुलपाच्या दुकानाचं, आणि एकीनेही कोण म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी फोन काकांच्या हातात जाणार, म्हणून त्याआधी काकूंनी तो प्रश्न खालच्या उत्तरांसकट पुसूनही टाकला.

आमच्या यंत्राने तो पुसला नव्हता. हे का झालं ते सांगायला हवं. कंपनीत बंगळूरच्या लोकांचे पैसे गुंतलेले होते. ते दर तिमाहीला येऊन सगळ्याचं कौतुक करायचे आणि जाताना विचारायचे, कमाई कुठे आहे? उघड्या गप्पांवरून जेवढी ओळख मिळते तेवढी मिळून संपली होती. माणूस खरं बोलतो ते आमच्या हळदीकुंकूसारख्या बंद गटात. म्हणून अनुरागने यंत्राला बंद गटही वाचायला लावले.

"ताई, कोई इंसान नहीं पढ़ता. सिर्फ़ मशीन पढ़ती है," तो मला म्हणाला.

"पटियावर बसलेल्यांना विचारलंस का?"

"पूछेंगे तो मना कर देंगे," तो म्हणाला. इतकं प्रामाणिक उत्तर दिल्यावर त्याच्यावर धड रागावताही येईना.

कमाई मात्र धो धो सुरू झाली. शहरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलने नुकताच विसराळूपणाच्या आजारांचा विभाग काढला होता, त्यांनी तर आमची सगळ्यांत महागडी जागा घेतली. कंपनी सुरू झाल्यापासूनची सगळ्यांत चांगली तिमाही लागली. अनुरागने मावाबाटी ही इथली खव्याची मिठाई मागवली, मुलांनी फुगे लावले. मीही खूश होते, कशाला खोटं बोलू.

आणि त्याच दुपारी साठेकाका जिना चढून आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. फोन रुमालात गुंडाळून आणला होता, कारखान्यात तपासणीचा नमुना आणावा तसा. काकांची सगळी नोकरी तपासणीत गेली. एवढ्या मोठ्या लोखंडी भागात केसाएवढी चीर असली तर ती शोधायची, हे त्यांचं काम. माझे वडीलही तिथेच होते, दोघं एकत्र सायकलने जायचे. मला काकांनी परकरात असल्यापासून पाहिलेलं.

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. त्यांनी रुमाल उघडून फोन माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्या हॉस्पिटलची जाहिरात होती. 'घरचा रस्ता चुकतो? ओळखीची नावं आठवत नाहीत? आजच भेटा.'

"रोज येतं हे," काका म्हणाले. "पटियावर बुद्धिबळाचा गट उघडला तरी हेच, बातम्यांचा उघडला तरी हेच."

"काका, मशीन आहे ते. त्याची नेहमीची गडबड. मला तर दाढीच्या साबणाच्या जाहिराती येतात."

ते हसले नाहीत. "मशीन चुकतं गं, पण उगीच चुकत नाही. चीर दिसली की मागे काहीतरी कारण असतं. जन्मभर तेच पाहिलं मी." मग म्हणाले, "मी शोभाला विचारलं, मला काही झालंय का? ती म्हणाली, काही नाही हो, वय झालंय. तुझं मशीन म्हणतंय, झालंय. दोघांत खरं कोण बोलतंय तेवढं सांग, मग मी जातो."

बाहेर मुलं फुगे फोडत होती. मला सगळं माहीत होतं, तो प्रश्न मी स्वतः वाचला होता. जाहिरात का आली हे दाखवायचं, तर काकूंनी पुसून टाकलेलं मी त्यांच्याच नवऱ्यापुढे उघडून ठेवणार. मशीन खोटं म्हणायचं, तर स्वतःतली चीर शोधायला आलेल्या माणसाला मी चकवणार.

"काका, कारण मला सांगता येणार नाही," शेवटी मी म्हटलं. "ते तुमचं नाहीये."

"माझ्या फोनवर येतं, माझ्या नावाने येतं, आणि माझं नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे शोभाचं आहे."

तपासणीवाल्या माणसाला चेहरा पुरतो. काका फोन परत रुमालात गुंडाळत राहिले. आधी एक घडी घातली, ती मोडली, परत घातली.

"मला वाटत होतंच," ते म्हणाले. "परवा पिपलानीच्या बाजारातून मी रिक्षा करून घरी आलो. तिला म्हटलं पाय दुखले. पाय नव्हते दुखले." मग त्यांचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला. "वसुधा, ती मला जपतेय. मला कळलंय हे तिला कळलं ना, तर बिचारी दुप्पट काळजी करेल. तू तिला काही बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आणि हे बंद कर. दुपारी फोन तिच्याकडे असतो. तिला हे दिसलं तर वाटेल मी पाहिलं असणार."

मी हो म्हटलं, आणि सवय जात नाही बघा, माझ्या तोंडून निघालं, "त्याऐवजी काय दाखवू, काका?"

त्यांनी खरंच विचार केला. "शोभाला गुलाब फार आवडतात. क्वार्टरमध्ये होतो तेव्हा लावले होते तिने. स्वतःचं घर झालं आणि ते राहूनच गेलं."

तेवढ्यात कुणीतरी मावाबाटीची वाटी आणून त्यांच्या हातात दिली. "कशाची गं ही?" त्यांनी विचारलं. कंपनीला चांगला फायदा झाला, मी सांगितलं. "अरे वा, अभिनंदन," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. सावकाश सगळी खाल्ली, वाटी नीट बाजूला ठेवली. मी त्यांना खाली रिक्षात बसवून दिलं, घराचा पत्ता रिक्षावाल्याला मी सांगितला आणि त्यांनी मला तो सांगू दिला. वर येऊन मी रडले. काका चिडले असते, चार शब्द बोलले असते तर मी निभावून नेलं असतं, पण ते अभिनंदन मला पेलवेना.

मग मी अनुरागकडे गेले. नाव न सांगता सगळं सांगितलं आणि म्हटलं, बंद गट वाचणं बंद कर. त्याने हातातला फुगा बाजूला ठेवला. "ताई, एक घर अभी बंद कर देता हूँ. पूरा शहर कैसे करूँ? तनख़्वाहें कहाँ से दूँगा?" त्याचंही खोटं नव्हतं. त्या पगारांत माझाही होता. त्या दिवशी माझ्या हाती एक घर लागलं, आणि मी तेवढं घेऊन आले. साढूच्या तूरडाळीसाठी केलेली सोय त्याने पुन्हा काढली आणि म्हणाला, इस घर को क्या दिखाना है, लाइए.

मी रईसभाईंकडे गेले. म्हटलं, जाहिरात नको, नुसते गुलाबांचे फोटो द्या. मी दाखवीन.

"किसको दिखाओगी, आपा?"

"एक ही आदमी है."

"एक आदमी?" त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. कोण, का, काहीही विचारलं नाही. "तो फिर ये वाले नहीं, अच्छे वाले लो," म्हणाले आणि मला मागच्या वाफ्यांकडे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून बरखेड्यालगतच्या त्या एका घरात, त्या एका फोनवर, फक्त गुलाब. खाली मी लिहायचे, 'श्री. साठे, आपल्यासाठी नवीन कलमं आली आहेत.' आठवड्याभरात रईसभाईंचा फोन, "आपा, आपका एक आदमी फ़ोन में मेरी ही तस्वीर लिए, बेगम को लेकर आया था. दोनों झगड़ रहे थे कि पीला लें कि गुलाबी." काय घेतलं, मी विचारलं. "दोनों," ते म्हणाले.

बाकीच्या शहराचं काय झालं तेही सांगते, कारण धंदा समजायचा तर हे समजायला हवं. या धंद्यात आकडा आधी चढतो आणि माणसं मागाहून उठतात. सगळ्यांत चांगली तिमाही लागते तेव्हाच लोकांनी चपला पायात सरकवलेल्या असतात, फक्त ते कागदावर यायला वेळ लागतो. आमच्या हळदीकुंकू गटात एकीने मुलीच्या सासरचं दुःख सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला घटस्फोटाच्या वकिलांच्या जाहिराती. बायका शहाण्या असतात, त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. त्या बोलायच्या थांबल्या. गटात सकाळी फुलांची चित्रं आणि 'शुभ सकाळ' एवढंच उरलं. भोपाळभर हेच झालं. पटियावरून माणसं उठली की तो नुसता दगड असतो, आणि दगडावर कोण जाहिरात देणार? पुढच्या तिमाहीला हॉस्पिटल गेलं, त्याच्या मागून बंगळूरचे गेले, आणि वर्तमानपत्रांनी जे लिहायचं ते लिहिलं. तेव्हा कुठे अनुरागने बंद गट यंत्रालाही खरोखरच बंद केले आणि लोकांची माफी मागणारं पत्र स्वतःच्या नावाने टाकलं. ते आधीच टाकायला हवं होतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. पण त्याने कुणाला बुडवून पळ काढला नाही. ज्यांना काढलं त्यांना दुसरीकडे नोकऱ्या बघून दिल्या, आणि आज दोन खोल्यांत का होईना, पटिया चालू आहे. करोंदचे दोन्ही साढू अजून एकमेकांना डाळ दाखवतात. मी निवृत्त झाले तेव्हा या पोराने सगळ्यांसमोर माझ्या पाया पडून मला रडवलं.

काका गेले त्यानंतर काही दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले. शेवटचा काळ कठीण गेला होता. काका काकूंना नावाने हाक मारीनासे झाले होते, पण सकाळी झारी हातात दिली की सगळ्या रोपांना बरोबर पाणी घालायचे. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती एवढे गुलाब. काकूंनी मला त्यातून वाट काढत पायरीवर बसवलं.

"एक मात्र देवाने सांभाळलं गं," त्या म्हणाल्या. "त्यांना काय होतंय ते शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. मी कळूच दिलं नाही."

"हो काकू," मी म्हटलं. "तुम्ही फार जपलंत त्यांना."

काकूंनी डोळे पुसले आणि पदरातला फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यावर पिवळ्या गुलाबाचा फोटो होता, आणि खाली काकांचं नाव, आपल्यासाठी नवीन कलमं आली आहेत. बंद करायला आम्ही सगळेच विसरलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकू, मी आजच सांगते अनुरागला, हे थांबवायला..."

"नको," त्या घाईने म्हणाल्या. "राहू दे. आता त्यांच्या नावाने दुसरं काही येत नाही गं घरात. गॅसचं झालं, बँकेचं झालं, सगळं माझ्या नावावर केलं. एवढंच येतं."

घरी येऊन मी रईसभाईंना फोन केला. म्हटलं, फोटो जुने झालेत, यंदाच्या बहराचे पाठवा.

"ज़रूर आपा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "वो आपका एक आदमी, अब भी देखता है?"

"देखते हैं," मी म्हटलं.